धबधब्याच्या खालचं पाणी

बाबा,

काल तुमच्या धबधब्यावर जाऊन आले. मला किळस आली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं उगाच सजवून लिहायला नको. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मास्तरीण झाली म्हणून सगळ्यायलेच छडी मारत राह्यशील का?" मारीन. आता तर निवृत्त झाले, वर्गात कोणी उरलं नाही, म्हणून जे समोर येईल त्याला मारते. सकाळी चंद्रपूरहून निघालो. तुमचा नातू गाडी चालवत होता. तुम्ही त्याला पाहिलं नाही, तुम्ही गेलात त्यानंतर तो जन्मला, आणि आता त्याच्या कानापाशी पांढरे केस दिसायला लागलेत. अहेरीपर्यंत तो गाणी लावून होता. अहेरी सोडल्यावर त्यानं गाणी बंद केली आणि म्हणाला, "आई, आता तू सांग ना आजोबांचं." मी म्हटलं, रस्ता बघ. रस्ता खरंच बघण्यासारखा झालाय. जिथं तुम्ही एका खांद्यावर सायकल आणि दुसऱ्यावर मला घेऊन नाला ओलांडायचा, तिथं पूल आहे. अडलेल्या बाईला खाटेवर घालून चार माणसं ज्या वाटेनं धावायची, तिथून आता अँब्युलन्स जाते. रस्त्याला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवायला पुढं बरंच काही होतं.

तुमचं वनखात्याचं नाकं होतं तिथं आता राष्ट्रीय उद्यानाची कमान आहे, सिमेंटच्या बांबूंची. चहूकडे खरा बांबू उभा, आणि मध्ये हिरव्या रंगानं रंगवलेले हे सिमेंटचे बांबू. तिकीट काढून आत गेलं की गाड्या लावायचं मैदान, मग नूडल्स आणि भजीची दुकानं, आणि अर्थातच खर्ऱ्याचा ठेला. खर्रा काही बदलला नाही बाबा, तीच सुपारी, तोच तंबाखू, तोच चुना, आणि तीच ती पातळ पन्नी. फरक एवढाच की तेव्हा पन्न्या नाक्यावर पडायच्या, आता पार धबधब्याच्या कड्यापर्यंत पडलेल्या असतात. "स्वच्छता राखा" अशी एक मोठी पाटी आहे. तिच्यावर इतक्या पिचकाऱ्या होत्या की ती वाचायला मला जवळ जावं लागलं, आणि जवळ गेल्याचा पश्चात्ताप झाला.

पाणी मात्र तसंच आहे. तेच मला जास्त लागलं. नुकताच पावसाळा सरलाय, धार भरात होती, खालचं कुंड तसंच हिरवंगार, आणि कड्याच्या सावलीत तोच गारवा. कुंडात माणसं होती, उभं राहायला जागा नाही इतकी. एकजण डोक्याला शॅम्पू चोळून धारेखाली उभा होता आणि पांढरा फेस दगडांना लागत खाली चालला होता. एक घोळका कोंबडी घेऊन आला होता, ती तिथंच कापून, तिथंच धुऊन, तिथंच शिजवायला घातली होती. पिसं कडेला गोल फिरत होती. सागाच्या फांद्यांवर ओल्या चड्ड्या वाळत घातल्या होत्या. आणि वर, जिथून धार कोसळते तिथं, दोन तरणी पोरं पाठमोरी उभी राहून मुतत होती, तिसरा हसत हसत मोबाईलवर त्यांचं चित्रण करत होता. मी खालून ओरडले. धबधब्याच्या आवाजात माझा आवाज तिथवर पोचला नाही. पोचला असता तरी त्यांनी हात हलवून दाखवला असता.

माझ्या शेजारी एक तरुण बाई बाळ धूत होती. चांगली शिकलेली दिसत होती. बाळाचं घाण झालेलं डायपर तिनं गुंडाळलं आणि दोन दगडांच्या फटीत, वाहत्या पाण्यात, नीट दाबून बसवलं. मी म्हटलं, "अगं, हे काय करून राह्यलीस?" तिनं माझ्याकडे बघून गोड हसून उत्तर दिलं, "वाहून जाते ना काकू." कुठं जाते, हा प्रश्न तिच्या डोक्यातच नव्हता. तिला वाटत असावं, खाली कुठं तरी एक मोठी रिकामी पोकळी आहे, तिथं सगळं जाऊन पडतं. मी वाकून ते डायपर ओढायचा प्रयत्न केला, पण ते भिजून फुगलं होतं, बोटांत आलं नाही, आणि जे आलं त्याचा वास मी गाडीतल्या सॅनिटायझरनं नंतर तीनदा घालवला. तुमचा नातू बघत होता. तो म्हणाला, "सोड ना आई. पब्लिक आहे. पब्लिक असंच असते."

खाली गाव आहे, बाबा. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला पुन्हा पुन्हा म्हणावंसं वाटतं. ज्या ओढ्यात ते सगळं वाहत होतं, तो ओढा जंगलातून उतरून गावाशी जातो, आणि तिथं बायका अजूनही काठच्या रेतीत झिरा उकरून त्यात साचलेलं पाणी भरतात. हातपंप आला आहे. त्याचं पाणी लोखंडाच्या गंजासारखं लाल येतं, भात शिजवला तर भात लाल होतो, म्हणून तो पंप भांडी घासायला आणि बैलांना. प्यायला झिराच. गावाचं हे पाणी, आणि त्याच्या डोक्यावर हा तमाशा.

आता तिथं मला का नेलं होतं ते सांगते. तुमच्या नातवानं नोकरी सोडली आहे. दोन वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागे आहे: धबधब्याच्या वरच्या सपाटीवर तंबू लावायचे, पर्यटकांनी रात्री राहायचं, शेकोटी, जेवण, पहाटे पक्षी. खात्याकडून त्याचं जमत आलं होतं, पण ग्रामसभेनं मान डोलवल्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि ग्रामसभा काही मान डोलवेना. तेव्हा त्याला तुम्ही आठवलात. गावात म्हातारी माणसं अजून "नाकेदार भाऊ" म्हणून तुमचं नाव काढतात हे त्याच्या कानावर आलं, आणि झालं. तंबूंना तुमचं नाव द्यायचं त्यानं ठरवलं. खाकीतला तुमचा तो एकमेव फोटो मोठा करून कमानीपाशी लावणार होता, खाली लिहिणार होता की हा धबधबा जगाला यांनी दाखवला. मला म्हणाला, "तू फक्त दोन शब्द बोल. नाकेदाराची पोरगी बोलली म्हणजे काम झालं समज." मी हो म्हटलं नव्हतं. पण गाडीत बसले होते, हेही खरं.

तुमची बदली तिथं झाली तेव्हाची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली आहे की ती मी पाहिल्यासारखी वाटते. उन्हातून चालत तुम्ही गावात पोचलात, घसा कोरडा, आणि सवयीनं पहिल्याच घरापासून लांब उभे राहिलात. माझे आजोबा, म्हणजे तुमचे वडील, कुरखेड्याकडच्या खेड्यात विहिरीपासून असेच लांब उभे राहायचे, कोणाला दया आली तर वरून ओतलेलं ओंजळीत झेलायचे. नंतर आपण बुद्धाच्या वाटेनं आलो, तुम्ही शिकलात, खाकी घातलीत, पण पाय अजून तिथंच थांबायचे. तेवढ्यात गायत्याच्या घरातून, म्हणजे गावाचे देवधर्म बघणाऱ्या प्रमुखाच्या घरातून, नवी सून बाहेर आली आणि भोपळ्याचा तुंबा सरळ तुमच्या हातात दिला. कोण, कुठला, काही विचारलं नाही. तुम्ही तुंब्याला तोंड लावून प्यायलात. ही गोष्ट सांगताना तुम्ही नेहमी इथं थांबायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा.

मग तुम्ही गावाची रीत शिकलात. धबधब्याला ते वरचं पाणी म्हणत. वरच्या पाण्यात एरवी पाय घालायचा नाही, थुंकायचं नाही, जोरानं बोलायचंसुद्धा नाही. नवं धान खायचं पंडुम झालं की त्या सणाला तेवढं सगळं गाव कुंडात उतरायचं. आणि कोणी वरचं पाणी नासवलंच, तर त्याला दंड नाही, मार नाही. त्यानं खाली गावात यायचं, सगळ्यांच्या समोर झिऱ्यापाशी बसायचं, आणि आधी त्यानं प्यायचं. त्याचं पिऊन झालं की मग बायका घागरी भरणार. मला तुम्ही हे पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी विचारलं होतं, एवढंच? तुम्ही म्हणालात, "एवढं करून पाहाय, मंग सांगशील."

तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. मी चौथीत असेन. नागपूरहून मोठा साहेब यायचा होता आणि तुम्हाला धबधबा दाखवायची भारी हौस. तुम्ही तांब्यात निखारे भरून खाकीला इस्त्री केलीत, मला नवा फ्रॉक घालायला लावलात. साहेब आला, खूश झाला, कपडे काढून कुंडात उतरला. अंगभर साबण लावला. तुम्ही टॉवेल घेऊन काठावर. मग त्यानं डबा मागितला, आणि डबा घेऊन तो वर गेला, धारेच्याही वर, ओढ्याच्या काठावर. तुम्ही पाहिलंत. तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात आणि मला म्हणालात, "पोरी, तिकडं पाहू नोको." बांबू तोडायला आलेली गावातली माणसं झाडीत होती, त्यांनीही पाहिलं.

साहेब अंग पुसत होता तेव्हा गायता आला. सोबत तीन-चार माणसं. कोणी आवाज चढवला नाही. ते दगडावर बसले आणि गायता गोंडीत तुमच्याशी शांतपणे बोलला. साहेबानं विचारलं, "काय म्हणतो हा?" तुम्ही म्हणालात, "जोहार करायले आले साहेब." साहेबानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढून गायत्याच्या हातात ठेवला. गायत्यानं तो पुडा दगडावर ठेवून दिला. जीप धूळ उडवत गेली आणि तुम्ही मला म्हणालात, "चाल."

झिऱ्यापाशी बायका घागरी घेऊन उभ्याच होत्या. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिलीत, इस्त्रीच्या खाकीत उकिडवे बसलात, आणि ओंजळीनं प्यायलात. घोटभर नाही, पोटभर. कोणी हसलं नाही. तुम्ही उठलात तेव्हा गायत्यानं तुमच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग घागरी बुडण्याचा आवाज सुरू झाला. घरी आलो. आई चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं आणि हातातला भाकरी उलटायचा सराटा खाली आपटला. "दुसऱ्याची घाण काऊन पेले? तुमाले लाज नाई वाटली?" तुम्ही भिंतीला टेकून म्हणालात, "माह्या बापाले कोणी पाणी पाजलं नोतं. या लोकायनं मले पह्यल्या दिवशी पाजलं. मंग आज मी नाई म्हणू का?" त्यानंतर चार दिवस तुम्ही परसाकडे पळत होतात आणि आई शिव्या देत तुम्हाला पेज पाजत होती. त्या रात्री मी माझी थाळी उचलून तुमच्यापासून लांब, उंबऱ्यापाशी नेऊन बसले. तुमच्या तोंडाकडे बघून मला घास जाईना. त्याची मला लाज वाटत नाही, मी लहान होते. पण मोठी झाल्यावरही मला तुमचा अभिमान वाटला नाही, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला राग यायचा. साहेबाला का नाही पाजलंत? एकदा तरी त्याला म्हणायचं होतं, साहेब, हे जोहार करायला नाही, तुम्हाला न्यायला आलेत. वरच्यानं हगावं आणि खालच्यानं प्यावं, आणि त्यातच मोठेपणा मानावा, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

काल दुपारी गोटुलात, गावाच्या सामाईक घरात, गाव जमलं. तुमच्या नातवानं लॅपटॉप उघडून तंबूंची चित्रं दाखवली. मग तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "माझ्या आजोबांनी तुमच्या झिऱ्याचं पाणी पिऊन या गावाशी नातं जोडलं. तेच नातं मला पुढं न्यायचं आहे." मी त्याला ती गोष्ट एवढीच सांगितली होती, अर्धी. पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, पाय पसरून, दातात काडी. ती मोठ्यानं हसली. "नाकेदार भाऊ नातं जोडायले नाई पेले बाबू. साहेबाच्या हगण्याचं पेले." सगळा गोटुल हसला. माझा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हातारीकडे बघत होते. तीच ती, गायत्याची सून, तुमच्या हातात तुंबा देणारी. आता तिचा मुलगा गायता आहे.

तिचं ऐकून माझा मुलगा जरा गोंधळला, पण लगेच सावरला. म्हणाला, संडास आधुनिक राहतील, घाण ओढ्यात जाणार नाही, मी स्वतः लक्ष ठेवीन. एकानं विचारलं, "न् गेली तं?" तो म्हणाला, "मग तुमची रीत आहे ना. मला पाजा." त्याला वाटलं हे फार चांगलं बोललो. मग म्हातारीच बोलली, माझ्याकडे वळून. "रीत गेली बाई. मागच्या साली एका पोट्ट्याले खाली आणलं आमच्या लोकायनं. पी म्हटलं. तो सोबत्याले म्हणे, व्हिडिओ काढ. गटागटा पेला न् बोट वर करून दाखोलं. दुसऱ्या दिवशी आणखी पाच-सहा आले, आमाले बी पाजा म्हणून. हासत होते. नाव सांगत होते आपलं मोबाईलमंदी." तिनं दातातली काडी काढून खाली टाकली. "ज्याले लाजच नाई त्याले पाजून काय होते? आता कोणाले पाजाव, सांगा तुम्ही."

बाबा, धबधब्यावर सकाळी जे पाहिलं त्याची नुसती किळस आली होती. हे ऐकून मात्र मी आतून सुन्न झाले. त्या लोकांकडे एकच शस्त्र होतं, माणसाची शरम. तुमच्यासारख्याला ते लागू पडायचं, साहेबाला कधीच लागू पडलं नसतं. आणि आता सगळेच साहेब झालेत. तिकीट काढलं की झाला साहेब.

मग नवा गायता बोलला. तो आपल्या आजोबासारखाच हळू बोलतो. म्हणाला, "आमाले काही समजून नाई राह्यलं. पोरगा चांगला दिसते. काम देतो म्हणते आमच्या पोरायले. नाकेदार भाऊची पोरगी हो म्हणन तं आमी बी हो म्हणू." आणि सगळा गोटुल माझ्याकडे बघायला लागला. माझा मुलगा हळूच म्हणाला, "आई, बोल ना." त्याचा सगळा जीव त्या तंबूंत आहे हे मला माहीत आहे. दोन वर्षांत मी त्याला असा ताठ उभा राहिलेला पाहिला नव्हता. त्याला काही वाईट करायचं नाही, हेही माहीत आहे. पण सकाळी त्या डायपरकडे बघून तो जे म्हणाला ते माझ्या कानातून जात नव्हतं.

मी उभी राहिले. माझी वर्गातली भाषा कुठं पळाली कोण जाणे, तोंडातून आईचीच बोली आली. म्हटलं, "देऊ नका. पोरगं माह्यं हाय, खोटं बोलणारं नाई. पण सकारी वर घाण पाहून तो म्हणे, पब्लिक असंच असते. ज्याले घाण पाहून राग येत नाई, त्याच्या हाती वरचं पाणी देऊ नका. त्याच्या शब्दावर नका देऊ, न् माह्या बापाच्या नावावर तं नकाच देऊ." एवढं बोलून मी खाली बसले. मुलगा लॅपटॉप मिटून बाहेर गेला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

सभा उठली. म्हातारी माझ्यापाशी आली, माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "बस बाई, पाणी आणतो," आणि घागर न घेता नुसताच एक स्टीलचा ग्लास घेऊन ओढ्याकडे गेली.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, तुम्ही घ्यायचा तसा बिनदुधाचा, आणि तो ओट्यापाशी उभ्यानंच प्यायले. आता परत बसले आहे.

परतताना अहेरीपर्यंत मुलगा गाणी लावून होता. अहेरीचा बाजार उठत होता, गाडी हळू झाली, तेव्हा समोर बघतच त्यानं विचारलं, "एवढं बोललीस. तिथलं पाणी तरी प्यायलीस का?" मी म्हटलं, "प्यायले." त्यावर त्यानं मान हलवली आणि जरा वेळानं त्याच्या बाजूची काच वर घेऊन माझ्याकडे शाल सरकवली. मला वाटतं त्यानं मला थोडं माफ केलं, त्या एका शब्दामुळे.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. पण लिहायला बसलेच आहे तर पुरतं लिहिते. बाबा, मी प्यायले नाही. म्हातारीनं ग्लास राखेनं घासून आणला होता. झिऱ्यातलं साचलेलं सगळं पाणी उपसून टाकून, नवं झिरपेपर्यंत ती तिथं बसली होती, माझ्यासाठी, हे मला लांबून दिसत होतं. पाणी स्वच्छ होतं. तळाला रेतीचे दोन-चार कण. मी ग्लास तोंडापर्यंत नेला, ओठ लावले, आणि घोट न घेताच खाली घेतला. मी म्हटलं, "डॉक्टरनं बाहेरचं पाणी बंद केलंय मले." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रागावली नाही, हसलीही नाही. माझ्या हातातून ग्लास घेतला, माझे ओठ लागले होते तिथूनच तो सगळा पिऊन टाकला, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, "जा बाई, रस्ता लंबा हाय."